रक्त शुद्ध करा, चपला त्याच घाला

पायाचा इसब म्हणजे नासलेलं रक्त; वांगं, मासे, दही बंद करा, कडू काढे प्या, रक्त निवळलं की पाय निवळतो, असा सिद्धान्त एक जाणकार गृहस्थ सध्या शिरूर-दौंडच्या गावोगाव सांगत फिरतात. टाळ्याही मिळवतात. चपला बदलण्यापेक्षा वांगं सोडणं स्वस्तात पडतं, मग टाळ्या पडणारच.

रक्त तर सगळ्या अंगात फिरतं. मग ते नासल्यावर चट्टा नेमका चपलेच्या पट्ट्याखालीच का उठतो? पट्टा जिथून जातो तिथे लाल, खाजरं, पाणी सुटलेलं. बोटभर पलीकडे कातडी धडधाकट. रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीभर सेफ्टी शूज घालून उभा राहणारा कामगार, दौंडला बुटात कवायत करणारा राखीव दलाचा जवान आणि उसाला पाणी धरताना गमबुटात घामेजलेला शेतकरी, या तिघांचं रक्त ठरवून घोट्याखालीच नासलं म्हणायचं? रबर पक्कं करायची रसायनं, तळ चिकटवायचं सोल्यूशन, कातडं कमावताना वापरलेलं क्रोमियम हे सगळं घामाने सुटतं आणि कातडीत शिरतं. क्रोमियम सिमेंटमध्येही असतं. गवंड्याच्या बुटात ओला माल शिरला की वेगळं काही लागत नाही. यावर त्यांचं ठेवणीतलं उत्तर असतं, ‘दहा वर्षं हेच बूट घालतोय, आत्ताच कसे बाधले?’ तसेच बाधतात. ॲलर्जी वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही जडते, आणि एकदा जडली की पुरळ एक-दोन दिवस उशिरा उठतं. तोवर बूट विसरलेला असतो आणि कालचं भरीत तेवढं आठवतं.

रक्ताचा संबंध एका ठिकाणी आहे, तो मात्र यांना ठाऊक नसावा. पायाच्या शिरा फुगल्या की रक्त खाली साचतं आणि घोट्याच्या आतल्या बाजूला इसब होतो. तिथे रक्त साचतं, नासत नाही. काढ्याने शिरा आवळत नाहीत.

याच गृहस्थांनी पूर्वी सगळं खापर काँग्रेस गवतावर फोडलं होतं. पन्नासच्या दशकात पुण्यात आढळलेलं हे गवत बाधतं यात शंका नाही. पण ते प्रामुख्याने पापण्या, मान आणि कोपराच्या लवणीत उठतं. यांच्याकडे ते थेट तळव्याला चावत होतं!

बेचक्यातल्या चिखल्या म्हणजे बहुधा बुरशी, इसब नव्हे. त्यावर मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब चोळली की खाज थांबते आणि बुरशी पसरते. २०१८ पासून अशा अनेक मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. ती मागतं कोण?

मग करावं काय? खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहावी. ती नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करावी: पाठीला पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, पुढे दोनेक दिवसांनी पुन्हा पाहतात. तोवर संशयित जोडा बाजूला ठेवावा, मोजे सुती आणि कोरडे घालावेत. झाडाच्या साली-हिरड्यात कमावलेली जुन्या पद्धतीची कोल्हापुरी मिळाली तर क्रोमियम तरी टळतं. मात्र त्या नावाने क्रोमचं कातडंही खपवतात, दुकानदाराला विचारूनच घ्यावी.