आधी चालून बघ!

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. ऑफिसच्या पँट्रीत ट्रिपचे किस्से रंगलेले. कोणी कोकणात जाऊन आलंय, कोणी थेट थायलंडला. ‘तू काय केलंस गं?’ असा प्रश्न माझ्याकडे आला आणि मी म्हटलं, ‘गवत कापलं.’ सगळे गप्प. मग एकाने हळूच विचारलं, ‘लॉनचं?’

नाही बॉस, लॉनचं नाही. तीन एकरांचं. आणि तेही ट्रॅक्टरने!

दिवे घाट चढून सासवडच्या पुढे गेलं की आमचं एक कुरण आहे. शेत म्हणावं असं त्यात काही नाही. मुरमाड माळ, थोडा उतार आणि पावसाळ्यात आपोआप उगवणारं गवत. आजोबांच्या काळापासून गावातलं एक कुटुंब ते वाट्याने कापायचं. अर्धं त्यांचं, अर्धं आपलं. पण ती माणसं थकली, त्यांची मुलं कंपनीत लागली आणि तीन वर्षं तिथे विळा फिरलाच नाही. खाली जुनं वाळलेलं, त्यावर नवं, मधेमधे घाणेरीची झुडपं, असा सगळा कारभार. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या माळावर वणवा लागला. तो आमच्या बांधापाशी लोकांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवला. आमचं गवत पेटलं असतं तर त्यापुढे थेट शेजाऱ्यांची अंजिराची बाग. बाबा त्यानंतर आठवडाभर नीट झोपले नव्हते. बाग आमची नाही, पण गवत आमचंच ना!

म्हणून यंदा मी सूत्रं हातात घेतली. एक्सेल शीट वगैरे केली (हसू नका). चुलतभाऊ गावातच असतो, त्याचा ट्रॅक्टर. त्यामागे लावायचा स्लॅशर भाड्याने आणला. स्लॅशर म्हणजे काय? तर घरचा मिक्सर उलटा करून जमिनीवर धरलाय अशी कल्पना करा. पत्र्याच्या मोठ्या झाकणाखाली दोन जाड पाती गरगर फिरतात. त्यांना ताकद मिळते ट्रॅक्टरच्या मागून निघणाऱ्या दांड्यातून. त्याला सगळे ‘पीटीओ’ म्हणतात. हा दांडा मिनिटाला ५४० वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला ९ वेळा. मधला गिअरबॉक्स हा वेग जवळपास दुप्पट करतो. मी मोबाइलवर गणित मांडलं. पाच फुटी स्लॅशरच्या पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर पळतं! एक्स्प्रेसवेवर आपल्याला शंभरची लिमिट, आणि इथे गवतात हा प्रकार.

मी पोचले आठ वाजता. वाटलं, दादा चावी फिरवेल आणि दुपारपर्यंत काम खल्लास. त्याने माझ्या हातात काठी दिली. ‘आधी चालून बघू.’

‘अरे, मशीन आहे ना?’

‘मशीनला डोळं असत्यात व्हय? गवतात काय हाय, त्ये त्याला दिसत न्हाई.’

दोन तास आम्ही तीन एकर काठीने झोडपत चाललो. पुढे तो, मागे मी, सगळ्यात मागे बाबा. काठी आपटत जायचं, म्हणजे घोणसबिणस असेल तर बाजूला सरकते. छातीपर्यंत आलेल्या त्या गवतात काय काय निघालं! गंजलेल्या तारेचं भेंडोळं. ते पात्यात अडकलं असतं तर दिवस तिथेच संपला असता. हद्दीचा अर्धा गाडला गेलेला दगड. कोणीतरी मुरूम काढून नेला, त्याचा कमरेएवढा खड्डा. त्यात ट्रॅक्टरचं चाक गेलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. दोन वारुळं. आणि बिअरच्या बाटल्या, पंधरा-वीस तरी. गावातल्या लोकांनी इतक्या लांब येऊन प्यायचं कारण नाही, तेव्हा या आपल्याच वीकएंडवाल्या मंडळींच्या! एक ससा मात्र असा सुसाट पळाला की बाबा लहान मुलासारखे ओरडले. जे उचलता आलं ते उचललं. बाकीच्या ठिकाणी काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या.

मग मी मडगार्डवर बसायला निघाले. रील तर हवीच ना! दादा सरळ ‘नाय’ म्हणाला. ट्रॅक्टरवर सीट एक, माणूस एक. धक्क्याने मागे पडलीस तर खाली काय आहे बघ, म्हणाला. बाबांना आणि मला त्याने शंभर मीटर लांब उभं केलं, कारण पात्याखाली दगड आला तर तो गोळीसारखा सुटतो.

पहिला हात उंचावरून, वीतभर बुडखा ठेवून, सगळ्यात कमी गिअरमध्ये. उतारावर आडवं नाही, खालून वर आणि वरून खाली. गवत सकाळच्या दवाने थोडं ओलसर होतं. तेही बरंच, म्हणाला. कडक उन्हात पातं दगडावर घासलं की ठिणगी उडते, म्हणजे आग टाळायला आलो आणि आपणच लावली!

आणि मग ‘खाड्’ असा आवाज आला. चिंधी बांधायची राहिलेला एक दगड. स्लॅशरमध्ये एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. मोठा धक्का बसला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तो तुटला. पात्यांचा आवाज हळूहळू थांबला. मला वाटलं, मशीन बंद पडलं. मी धावतच निघाले बघायला. गळ्यात ऑफिसला घालते तोच स्टोल.

‘थांब! थांब म्हणतो ना!’

दादा माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. पाती थांबली होती, पण पीटीओचा दांडा फिरतच होता. बोल्ट पुढे तुटलेला, मागे ट्रॅक्टर चालूच. त्या दांड्यावर प्लॅस्टिकचं कव्हर असायला हवं. भाड्याच्या स्लॅशरचं ते कधीच तुटून गेलेलं. गंमत म्हणजे इतक्या वेगात दांडा फिरताना दिसतच नाही, गुळगुळीत, स्थिर वाटतो. माझ्या स्टोलचं टोक वाऱ्यावर उडत होतं आणि मी पाचेक पावलांवर होते.

त्याने लिव्हर ओढलं, इंजिन बंद केलं, खाली उतरला. सेकंदाला नऊ फेरे, म्हणाला. कापड अडकलं हे तुला कळेपर्यंत ते गळ्यापर्यंत आलेलं असतं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या गळ्यातून स्टोल काढला, घडी केली आणि गाडीत नेऊन ठेवला. त्यांचे हात थरथरत होते.

नवा बोल्ट बसवून चारपर्यंत काम झालं. शेजारच्या काकी बघायला आल्या. ‘समदा भुगा केला की वो!’ म्हणाल्या. खरंच होतं. स्लॅशरने कापलेलं गवत बारीक होऊन पसरतं, त्याच्या पेंढ्या बांधता येत नाहीत. कुसळाचं दुःख नव्हतं, पण वरच्या अंगाला मारवेल आणि पवन्या होता, म्हणजे म्हशीची मेजवानी. तो अर्धा एकर आम्ही तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी काकी आणि त्यांची सून विळे घेऊन आल्या. पेंढ्यांचे वाटे मात्र करू दिले नाहीत बाबांनी. सगळ्या त्यांनाच दिल्या.

घाणेरी पुन्हा फुटणार आहे, वरून कापून ती मरत नाही. पुढच्या पावसात मुळासकट खणायचीय. त्यासाठी ऑफिसमधले तिघे यायला तयार आहेत. त्यांना मी दोनच गोष्टी सांगितल्यात. पायात बूट हवेत, आणि गळ्यात आयडी कार्डसुद्धा नको.