बेगमी आणि साठेबाजी

२०२५ च्या मार्च महिन्यात युरोपीय आयोगाने आपल्या सत्तावीस सदस्य देशांतील नागरिकांना एक सल्ला दिला. पूर, साथ, वीजपुरवठ्यातील खंड किंवा युद्ध यांपैकी कोणतेही संकट ओढवले, तर बाहेरच्या मदतीवाचून किमान ७२ तास निभावता येईल इतके अन्न, पाणी व औषधे प्रत्येक घरात असावीत, असा त्याचा आशय होता. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडनच्या सरकारने घरोघरी पुस्तिका पाठवून आठवडाभराची सिद्धता ठेवण्यास सुचविले होते. या सल्ल्याला दोन महिने होण्यापूर्वीच, मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाचे ढग दाटलेले असताना चंडीगढच्या प्रशासनाने नेमका उलटा हुकूम काढला. अन्नधान्य, इंधन आदी जीवनावश्यक वस्तूंचा साठा करण्यास त्याने मनाई केली. टंचाईच्या अफवांवर विश्वास ठेवू नका, असे केंद्रीय अन्नमंत्र्यांनाही जाहीर करावे लागले.

एक शासन म्हणते साठा करा, दुसरे म्हणते साठा केल्यास कारवाई होईल. यांपैकी शहाणे कोण, हा प्रश्न सकृद्दर्शनी रास्त वाटतो. परंतु तो चुकीच्या पद्धतीने विचारलेला प्रश्न आहे. दोन्ही शासनांचे म्हणणे आपापल्या प्रसंगी योग्यच होते. त्यांच्यातील फरक देशाचा नाही, वेळेचा आहे. मराठी भाषेने तो फार पूर्वीच ओळखला असून त्यासाठी दोन वेगळे शब्द योजले आहेत. एक बेगमी आणि दुसरा साठेबाजी. पहिल्या शब्दात गृहिणीची दूरदृष्टी आहे, दुसऱ्यात गुन्ह्याचा वास आहे. पोते तेच, त्यातील धान्यही तेच. मग शब्द का बदलतो, याचा उलगडा केल्याखेरीज संकटकाळातील घरगुती साठ्याविषयी कोणतेही धोरण आखता येणार नाही.

पंचांगावर चालणारी तरतूद

महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंबाची बेगमी भीतीवर नव्हे, तर ऋतुचक्रावर आधारलेली होती. रब्बीची ज्वारी खळ्यावर आली की कणगी शेणामातीने लिंपली जाई, पेवे उघडली जात, धान्यात कडुलिंबाचा पाला पडे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया, सांडगे वाळत. कोकणात आगोटीपूर्वी सुके बोंबील, आमसुले, मीठ व सरपण यांची भरती होई. गोव्यात याच तरतुदीला पुरुमेंत म्हणतात आणि पावसाळ्यापूर्वी मडगावला त्याची फेरीही भरते. नदीला पूर येऊन वाट बंद होणार, समुद्र खवळून होड्या किनाऱ्याला लागणार, हे सर्वांना ठाऊक असे. संकटाची तारीख अंदाजे माहीत होती आणि तिच्यापूर्वी काही महिने, माल मुबलक व स्वस्त असताना, खरेदी उरकली जात होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या व्यवहाराने कोणाचेही नुकसान होत नाही. उलट बाजाराला स्थैर्य येते. सुगीच्या दिवसांत आवक वाढून भाव कोसळत असतात. त्या वेळी हजारो कुटुंबांनी वर्षाचे धान्य भरले, तर शेतकऱ्याला आधार मिळतो. पुढे आषाढ-श्रावणात आवक आटते तेव्हा हीच कुटुंबे गिऱ्हाईक म्हणून बाजारात उतरत नाहीत. म्हणून भावाची चढण सौम्य राहते. वखारीचे भाडे, धान्यात गुंतलेल्या पैशावरील व्याज, सोंडे-पोरकिड्यांनी केलेली नासाडी हा सारा साठवणुकीचा खर्च त्या कुटुंबांनी स्वतःच्या शिरावर घेतलेला असतो. किंबहुना, घराघरांतील कणगी म्हणजे विखुरलेले सार्वजनिक गोदामच होते.

शहरीकरणाने ही व्यवस्था मोडली, यात नवल नाही. दोन खोल्यांच्या घरात पोते ठेवण्यास जागा नाही, पगार महिन्याला होतो आणि कोपऱ्यावर दुकान आहे. आता तर काही मिनिटांत घरपोच सामान आणून देण्याची सोय मोठ्या शहरांत झाली आहे. घरातील साठा महिन्यावरून आठवड्यावर आणि आठवड्यावरून दिवसावर आला. दुकानदारही विक्रीच्या अंदाजाने बेताचाच माल मागवितो. सामान्य दिवसांत ही काटकसर कार्यक्षम ठरते. परंतु साखळीतील एक दुवा निखळला की घर आणि दुकान एकाच वेळी रिकामे होतात.

एका रात्रीचे गणित

समजा, एखाद्या शहरात दोन लाख कुटुंबे आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने नेहमीपेक्षा केवळ दहा किलो अधिक धान्य एकाच संध्याकाळी घ्यावयाचे ठरविले, तर जादा मागणी दोन हजार टनांची होते. त्यासाठी दहा टनी मालमोटारी दोनशे लागतील. कोणतेही शहर एका संध्याकाळी एवढा जादा माल उभा करू शकत नाही. हीच खरेदी शंभर दिवसांत विभागली गेली, तर दिवसाला दोन मोटारी पुरतात आणि बाजारात त्याचा मागमूसही लागत नाही. दोन्ही प्रसंगी घरात येणारे धान्य सारखेच. पण पहिल्या प्रसंगी फळी रिकामी होते, ती पाहून दुसरा धावतो, त्याला पाहून तिसरा, आणि टंचाई नसताना टंचाई जन्माला येते. बँक बुडणार या वदंतेने ठेवीदारांची रांग लागून सुस्थितीतील बँकही अडचणीत यावी, तसाच हा प्रकार आहे. येथे प्रत्येकाचे वर्तन स्वतःपुरते शहाणपणाचे असते आणि सर्वांचे मिळून वेडेपणाचे ठरते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर दोन-तीन दिवसांतच मीठ संपत असल्याची अफवा उत्तर भारतात पसरली आणि ठिकठिकाणी दुकानांवर झुंबड उडून मीठ अवाच्या सवा भावाने विकले गेले. देशातील मिठाचे उत्पादन गरजेपेक्षा कितीतरी अधिक असताना हे घडले. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली. ती मध्यरात्रीपासून अमलात यावयाची होती. जीवनावश्यक वस्तूंची दुकाने उघडी राहतील, असे सांगितले जात असतानाही लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर आले. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याच्या डब्यात दोन दिवसांचेच पीठ आहे, त्याला चार तासांची मुदत दिल्यावर त्याने दुसरे काय करावयास हवे होते? घबराट ही बऱ्याच अंशी बेगमीच्या अभावातून जन्मते. घरात पंधरा दिवसांची तरतूद असलेला मनुष्य अफवा ऐकूनही घरी बसू शकतो. या अर्थाने शांततेच्या काळातील बेगमी हाच संकटकाळातील साठेबाजीवरचा उतारा आहे.

व्यापाऱ्याच्या साठ्याविषयी येथे एक खुलासा आवश्यक आहे. धान्याच्या साठेबाजांविषयी लोकांना वाटणाऱ्या भीतीची तुलना ॲडम स्मिथने चेटकाच्या भीतीशी केली होती. पुढे तूट येणार हे हेरून व्यापारी आधीच भाव वाढवितो, त्यामुळे लोक आधीपासून जपून खातात आणि अखेरचे दिवस निभावतात, असा त्याचा युक्तिवाद होता. तो पूर्णतः खोटा नाही. परंतु भाववाढीने जपून खाण्याची वेळ श्रीमंतावर येत नाही, ती गरिबावरच येते. म्हणूनच १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आला. १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन महागाई व साठेबाजीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, त्या याच अनुभवातून. २०२० च्या दुरुस्तीने साठ्यावरील मर्यादा जवळजवळ उठविल्या होत्या. ती दुरुस्ती २०२१ मध्ये रद्द झाली आणि जून २०२३ मध्ये गव्हाच्या साठ्यावर केंद्राने पुन्हा मर्यादा घातली. व्यापाऱ्याच्या वखारीला असा कायदा लागू पडतो. गृहिणीच्या डब्याला तोच न्याय लावणे मात्र गैर आहे.

ज्यांना बेगमीच शक्य नाही

येथवरच्या विवेचनात एक गृहीत दडलेले आहे. बेगमी करावयास हाती पैसा आणि घरात जागा हवी. नोकरदार माणूस महिन्याच्या पगारातून थोडे थोडे बाजूस काढू शकेल. परंतु रोजच्या मजुरीतून संध्याकाळी अर्धा किलो तांदूळ व शंभर ग्रॅम तेल आणणाऱ्या बांधकाम मजुराला पंधरा दिवसांचा साठा करावयास सांगणे ही थट्टा होय. तोच माल तो थोडाथोडा घेतो म्हणून दरही अधिक देतो. युरोपातील सल्ला येथे जसाच्या तसा आणता येत नाही, तो यामुळे.

इतिहासाचा दाखला या बाबतीत स्पष्ट आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तेथील सरकारने लोकांनी धान्य दडवून ठेवले असावे, या समजुतीने जूनमध्ये खेडोपाडी झडतीची मोहीम काढली. कलकत्ता व हावडा त्यातून वगळण्यात आले होते. अपेक्षित साठे मोठ्या प्रमाणावर हाती लागले नाहीत. मृत्यू मात्र लाखांनी झाले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की तेथे प्रश्न केवळ धान्य किती आहे हा नव्हता. ते विकत घेण्याची शक्ती मजूर, कोळी, कारागीर यांनी गमावली होती. याउलट १९७२-७३ च्या अवर्षणात महाराष्ट्राचे पीक बुडाले, कणग्या रिकाम्या झाल्या. तरी तसा संहार झाला नाही. शासनाने काढलेल्या दुष्काळी कामांवर एका टप्प्यावर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यांच्या हाती मजुरी पडली आणि मजुरीच्या मागोमाग धान्य आले. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागे हाच अनुभव होता.

२०२० मध्ये या धड्याचा निम्मा भाग विसरला गेला. त्या वर्षी एप्रिलच्या प्रारंभी सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून अधिक गहू व तांदूळ होता. ठरलेल्या निकषानुसार तो सुमारे दोन कोटी दहा लाख टन असला तरी पुरेसा होता. दुपटीहून मोठी ही राष्ट्रीय बेगमी असताना हजारो मजूर उपाशीपोटी गावाकडे चालत निघाले. कारण त्यांची शिधापत्रिका गावी होती आणि भूक शहरात होती. शिधापत्रिकाधारकांना माणशी पाच किलो मोफत धान्य एप्रिलपासून मिळू लागले. पत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठीची तरतूद जाहीर व्हावयास मे महिना उजाडला. कोठार भरलेले असणे आणि माणसाच्या ताटात अन्न पडणे यांमधील अंतर केवळ मालगाडीने भरून निघत नाही, हे त्या वसंतात दिसले.

या पार्श्वभूमीवर एका निर्णयाची नोंद घ्यावयास हवी. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी केंद्र सरकारने जून, जुलै व ऑगस्ट या तीन महिन्यांचे स्वस्त धान्य दुकानांवरील धान्य आगाऊ वाटण्याची सूचना राज्यांना केली. मेळघाट किंवा धडगावकडील संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी अशी आगाऊ तरतूद पूर्वीपासून केली जातेच. ती देशव्यापी झाली. ज्याला स्वतः बेगमी करता येत नाही त्याची बेगमी शासनाने केली, असाच त्याचा अर्थ आहे. तथापि, गळक्या झोपडीत तीन महिन्यांचे धान्य कोरडे कोठे ठेवावे, याचे उत्तर त्या सूचनेत नाही; आणि डाळ, तेल व मीठ यांवाचून नुसत्या गहू-तांदळाने जेवण होत नाही. शिवाय लाभार्थींची संख्या अद्याप २०११ च्या जनगणनेवर बेतलेली असल्याने त्यानंतर वाढलेली गरीब कुटुंबे या तरतुदीच्या बाहेरच राहण्याचा धोका आहे.

काय करता येईल

घरगुती पातळीवरील तरतूद फार मोठी असण्याची गरज नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या महापुरांत तळमजल्यावरील धान्याची पोती चिखलात गेली. तेव्हा उपयोगी पडले ते पिण्याचे पाणी, औषधे आणि चूल न पेटविता खाता येणारे पदार्थ. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, भाजणी या वस्तू माळ्यावरच्या एका डब्यात मावतात. दर महिन्याच्या वाणसामानात एक-दोन किलोची भर घालावी, जुने आधी वापरावे आणि नवे मागे ठेवावे. दोन आठवड्यांची तरतूद अशा रीतीने सहा महिन्यांत बाजाराला धक्का न लावता होते.

शासनाचे कर्तव्य मात्र याहून मोठे आहे. जिल्ह्यातील गोदामांत किती दिवसांचे धान्य आहे, हे नियमितपणे जाहीर झाले पाहिजे. अफवेला आकड्याइतके प्रभावी उत्तर दुसरे नाही. निर्बंध घालावयाचे तर त्याआधी पुरेशी मुदत दिली पाहिजे. आणि संकटाच्या दिवसांत कोणत्याही दुकानावर, कोणत्याही पत्रिकेवर, प्रसंगी पत्रिकेवाचूनही, धान्य देण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याला आधीच दिलेला असला पाहिजे.

हे न करता संकटाच्या दिवशी साठेबंदीचा हुकूम काढणे म्हणजे वर्षभराच्या दुर्लक्षाची भरपाई एका सहीने करू पाहणे होय. पुढील संकटाची घोषणा कधीतरी रात्री आठ वाजता पुन्हा होईल. त्या रात्री नोकरदार किती शांत राहतो यापेक्षा, ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही तो मजूर कोणत्या दुकानाकडे विश्वासाने पाहू शकतो, यावरून देशाच्या सिद्धतेची परीक्षा होईल.