जुन्या खेळयंत्राचे नवे अवतार

मुलांनो, १९८३ साली जपानमधील निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे खेळयंत्र विक्रीस आणले. ते घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाचे आणि खाचेत खेळाची कॅसेट बसवावयाची, की पडद्यावर खेळ सुरू! परदेशी रूपांसह अशी ६ कोटींहून अधिक यंत्रे खपली. आता ती जीर्ण झाली असून त्यांच्या जागी नवे अवतार निघू लागले आहेत.

२०१६ साली निन्टेन्डोनेच तळहातावर मावेल असे छोटे यंत्र काढले. रूप हुबेहूब, पोटात मात्र निराळाच संगणक. तो जुन्या यंत्राची नक्कल करून ठरावीक ३० खेळ दाखवितो. परदेशी रूपात तर कॅसेटचे झाकण उघडतही नाही! देखणे खरेच, पण ज्याच्या घरी जुन्या कॅसेट जपून ठेवल्या आहेत, त्याने काय करावे?

मला दुसरी वाट अधिक पटते. ‘एफपीजीए’ नावाच्या चिपमधील जोडण्या ती तयार झाल्यावरही हव्या तशा मांडता येतात. जुन्या चिपचे वर्तन बारकाईने अभ्यासून तीच रचना तीत पुन्हा उभारावयाची. अमेरिकेतील अ‍ॅनालॉग कंपनीने प्रथम जुन्या फॅमिकॉममधून काढलेल्या चिप वापरून नवे यंत्र केले; जुने घर मोडून त्याच्याच वाशांनी नवे बांधावे तसे! २०१७ सालच्या ‘एनटी मिनी’त मात्र एफपीजीए आले. मूळ कॅसेट त्यात बसतात आणि जुने यंत्र मोडावे लागत नाही.

अर्थात चिप नवी म्हणून नक्कल अचूक होतेच असे नाही. अभ्यासकाच्या नजरेतून जुन्या चिपची एखादी बारीकशी खोड निसटली, तर खेळ नेमका तेथेच अडखळतो.