मास्तर कोणास म्हणावें?

बारावीचा निकाल लागला, कीं खासगी फॅशन-डिझाइन विद्यालयांच्या जाहिराती वृत्तपत्रांत व चौकांतील फलकांवर झळकूं लागतात. त्यांच्या गुळगुळीत माहितीपुस्तकांतील इमारतीचीं चित्रें पालक निरखून पाहतात, परदेशी संस्थांशीं झालेल्या करारांची चौकशी करतात, नोकरीची हमी मिळते काय हेंहि विचारतात. परंतु 'आमचा अध्यापकवर्ग' या मथळ्याखालचें पान आलें, कीं हसऱ्या छायाचित्रांवर ओझरती नजर टाकून तें उलटलें जातें. आम्हांस येथें त्या एका पानाविषयींच लिहावयाचें आहे. त्यावर कोण आहे याची चर्चा पुष्कळ होते. कोण नाहीं, याची चर्चा आजवर कोणी केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

या पानावर अग्रभागीं नामवंत मंडळी असतात. चित्रपटसृष्टींतील एखादा वेशभूषाकार, एखाद्या स्त्रीमासिकाची संपादिका, फॅशन-वीकमध्यें नांव झालेला एखादा डिझायनर. ही मंडळी वर्षांतून एकदां-दोनदां येतात, दीड तास आपल्या यशाची कथा सांगतात, विद्यार्थ्यांना सोबत छायाचित्रें काढूं देतात आणि निघून जातात. यांत त्यांचा दोष नाहीं; बोलाविलें म्हणून ते येतात. पण दीड तास दर्शन देणाऱ्यास अध्यापक म्हणावयाचें, तर सत्यनारायणाच्या प्रसादाला येणाऱ्या प्रत्येकास घरचा माणूस म्हणावें लागेल.

त्यांच्याखालीं लहान चौकटींत तरुण पदवीधर असतात. दोन-तीन वर्षांपूर्वीं ज्या बाकांवर ते बसत, त्याच बाकांपुढें ते आतां उभे राहतात. नेमणूक अकरा महिन्यांची, नाहीं तर तासाच्या हिशेबाची. सकाळीं वर्ग घ्यावयाचे, दुपारीं प्रवेशेच्छु विद्यार्थ्यांच्या घरीं दूरध्वनि करावयाचे आणि संध्याकाळीं फॅशन-शोच्या खुर्च्या मांडावयाच्या, असा त्यांचा दिवस जातो. वर्ष संपलें कीं त्यांपैकीं निम्मे निघून जातात व नवीं छायाचित्रें छापलीं जातात.

आणि मग एक माणूस असा असतो, कीं ज्याचें छायाचित्र छापलेंच जात नाहीं. तो यंत्रशाळेंत असतो. गळ्यांत मेजपट्टी, बोटांत अंगुस्तान, कानामागें पेन्सिल. वय पन्नाशीच्या घरांत, शिक्षण सातवी-आठवीपर्यंतचें, अनुभव तीस वर्षांचा. विद्यार्थी त्यास 'मास्टरजी' म्हणतात. संस्थेचें पगारपत्रक त्यास 'सहायक' म्हणतें.

हा सहायक काय शिकवितो तें पाहूं. बाहीचा माथा मुंढ्याच्या घेरापेक्षां किंचित् अधिक ठेवावा लागतो. तें अधिक कापड चुणी न दिसूं देतां मुंढ्यांत जिरवावें लागतें. किती अधिक ठेवावें याचे आंकडे पुस्तकांत सांपडतात; पण लोकरीच्या कापडांत जितकें जिरतें तितकें घट्ट विणीच्या सुती कापडांत जिरत नाहीं, हें पुस्तकापेक्षां बोटांना आधीं कळतें. उरेब कापलेला घागरा शिवून लगेच त्याची खालची कड दुमडली, तर दुसऱ्या दिवशीं ती वरखालीं झालेली दिसते, कारण उरेबांत कापड आपल्याच भारानें उतरतें. म्हणून तो एक रात्र टांगून ठेवावा आणि मग कड मापावी. महाग रेशमावर कात्री चालविण्यापूर्वीं तोच बेत मांजरपाटावर करून पाहावा. ताणा कोणत्या दिशेनें ठेवला असतां गळ्याची घडी सरळ पडेल, कंबरेची चिमटी कोठें संपवावी, अस्तर पुढच्या कापडास ओढणार नाहीं एवढी सैल कशी सोडावी, हें सारें तोच सांगतो. ज्यास आपण कपडा म्हणतों तो कागदावरून देहावर आणण्याची ही विद्या आहे. ती शिकविणारास शिक्षक म्हणावयाचें नाहीं, तर कोणास म्हणावयाचें?

पुण्यांतील अशाच एका विद्यालयांत व्याख्यानानिमित्त आम्ही गेलों असतां एका विद्यार्थिनीचा कोट पुतळ्यावर चढविलेला पाहिला. कोट पुढच्या बाजूस एका अंगाला ओढला जात होता. तिच्या तरुण अध्यापिकेनें चित्र व कोट आळीपाळीनें पाहिले आणि संकल्पनेची मांडणी अधिक स्पष्ट व्हावी, असें कांहीं सांगितलें. मुलगी रडकुंडीस आली. मग मास्तर आले. त्यांनीं खांद्याची शिलाई उसवली, ती अर्धा इंच मागें सरकवून टाचण्या लावल्या, आणि कोट जागेवर बसला. तें पाहून अध्यापिकेनेंहि वहींत टिपून घेतलें, हें तिच्या प्रामाणिकपणाचें लक्षण आहे. पुढें त्या कोटाचें मूल्यांकन झालें. कागदावर तीन परीक्षकांच्या सह्या होत्या; मास्तरांची त्यांत नव्हती. त्यांचें मत विचारलें होतें काय, असें आम्हीं चौकशी करितां, 'ते अध्यापकवर्गांत मोडत नाहींत' असें उत्तर मिळालें.

यावर विद्यालयांच्या चालकांचें एक ठराविक उत्तर असतें: 'आम्ही शिंपी घडवीत नाहीं, डिझायनर घडवितों. वास्तुशास्त्रज्ञास विटा रचतां आल्या पाहिजेत असें कोणी म्हणत नाहीं.' उत्तर चटकदार आहे. वास्तुशास्त्रज्ञ विटा रचीत नाहीं, हेंहि खरें आहे. पण वीट किती भार सोसते हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें काढलेल्या घरांत चालक स्वतः राहावयास जातील काय? शिवाय ज्या पाश्चात्य नगरींचीं नांवें घेऊन हीं विद्यालयें शुल्क आकारतात, तेथील इतिहास तरी त्यांनीं वाचावा. पॅरिसमध्यें १९२७ सालीं वस्त्रधंद्याच्या संघानेंच आपली शाळा काढली. शिवणाऱ्या-कापणाऱ्या हातांची परंपरा पुढें चालावी म्हणून काढली. ईव्ह सां लोराँ तिचाच विद्यार्थी. लंडनचा अलेक्झांडर मॅक्क्वीन हा टॅक्सीचालकाचा मुलगा. त्यानें सोळाव्या वर्षीं शाळा सोडली व सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावर तो उमेदवारी करूं लागला. पुढें सेंट मार्टिन्समध्यें तो गेला तो बेत कापावयास शिकविण्याची नोकरी मागावयास. तेथील पदव्युत्तर वर्गाच्या प्रमुख बॉबी हिल्सन यांनीं त्याचें काम पाहून त्यास विद्यार्थी म्हणून घेतलें. १९९२ सालीं तो तेथून बाहेर पडला, आणि त्यापुढचा वृत्तांत सर्वांस ठाऊक आहे. त्याचें नांव आमच्याकडील बहुतेक माहितीपुस्तकांत आढळतें. तो कात्री कोठें शिकला, तें आढळत नाहीं.

परदेशांत तरी कशाला जावें? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ सालची. तेथें १८९१ सालीं लॉर्ड रे यांच्या नांवानें ज्या कार्यशाळा उघडल्या, त्या कारागिरी शिकविण्याकरितांच होत्या. परकीय सरकारच्या हेतूंविषयीं आम्हांस प्रेम नाहीं. तथापि कलेच्या शाळेंत कारागिरास जागा असते, ही गोष्ट त्या सरकारास समजली होती एवढें नमूद करणें भाग आहे.

आतां कायद्याकडे वळूं, कारण मास्तरास वगळण्याचें समर्थन बहुधा कायद्याच्या नांवानें होतें. पदवीवांचून अध्यापक नेमतां येत नाहीं, आमचा नाइलाज आहे, असें चालक सांगतात. पण यांतील बऱ्याच संस्था पदवी देतच नाहींत. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचें २२ वें कलम पाहावें: कायद्यानें स्थापन झालेलीं विद्यापीठें, अभिमत संस्था व संसदेनें खास अधिकार दिलेल्या संस्था यांखेरीज कोणासहि पदवी देतां येत नाहीं. १९८६ सालीं दिल्लींत निघालेल्या 'निफ्ट'ला तो अधिकार २००६ च्या कायद्यानें मिळाला. बाकीच्यांना एखाद्या विद्यापीठाच्या आश्रयास जावें लागतें किंवा पदविकेवर भागवावें लागतें. जे स्वतःच्या प्रमाणपत्रावर चालतात, त्यांचे हात अध्यापकाच्या पदवीनें बांधलेले आहेत हें आम्हीं कसें खरें मानावें? आणि जे विद्यापीठाशीं जोडलेले आहेत, त्यांच्याकरितां आयोगानेंच २०२२ सालीं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नांवाची वाट मोकळी केली. आपल्या क्षेत्रांत निदान १५ वर्षें काम केलेल्या जाणत्या माणसास, औपचारिक पदवीची अट न घालतां, मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत अध्यापक नेमतां येतें. अनुभव वरिष्ठ पदावरचा असल्यास बरें, असेंहि त्यांत म्हटलें आहे. त्या एका वाक्याचा फायदा घेऊन या जागा निवृत्त व्यवस्थापकांना देणें सोपें आहे. पण कटिंग टेबलावर तीस वर्षें उभें राहणें हें वरिष्ठपण नव्हे, असें आयोगानें कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

तेव्हां कारण कायद्याचें नाहीं. मास्तरांना इंग्रजी येत नाहीं, हें एक कारण आम्हांस खासगींत ऐकविण्यांत येतें. इंग्रजीवर आमचें स्वतःचें पोट भरलें असल्यानें तिचा द्वेष आम्ही करणें शोभणार नाहीं. परंतु बाही बसविण्यास ती लागते असें आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. खरें कारण जुनें आहे. हातानें काम करणारा खालीं बसावा आणि त्याच्या कामाविषयीं बोलणारा वर, ही आमच्या समाजाची वहिवाट आहे. जातीनें शिंपी असलेल्या नामदेवाचे अभंग आम्ही देव्हाऱ्यापुढें म्हणतों. पण विद्यालयांत शिंपी आला, कीं त्यास अध्यापकांच्या खोलींत चहा मिळत नाहीं. फॅशन हा धंदा नवा, काचेची इमारत नवी, त्यांतली उतरंड मात्र गांवगाड्यांतली.

मास्तर म्हणजे सर्वगुणसंपन्न, असें आमचें म्हणणें नाहीं. 'हें असेंच करावयाचें' यापलीकडे कारण सांगतां न येणारे, प्रश्न विचारणाऱ्या मुलीवर खेंकसणारे मास्तर आहेत. जुन्या बेतालाच चिकटून राहणारेहि आहेत. म्हणूनच त्यांच्या शेजारीं तरुण पदवीधर हवा. तो कारणें सांगेल, इतिहास सांगेल, नवें यंत्र व संगणकावरील बेत शिकवील. पण तो टिकला तर! अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस मास्तरापासून काय शिकणार आणि विद्यार्थ्यास काय देणार? तासिका तत्त्वाचा हा रोग वरिष्ठ महाविद्यालयांतून आम्ही रोज पाहतों. तेथें निदान अनुदानाचें कारण पुढें करतां येतें. जी संस्था विद्यार्थ्यागणिक लाखोंचें शुल्क घेते, तिला तेंहि कारण उरत नाहीं. पैसा आहे, तो दर्शनी भिंतीवर, जाहिरातींत आणि वर्षाअखेरच्या रंगमंचावर खर्च होतो.

याची झळ कोणास लागते? लातूर-जळगांवकडची मुलगी बापाच्या कर्जावर चार वर्षें शिकते आणि एखाद्या कारखान्यांत नोकरीस लागते. पहिल्या आठवड्यांत तिच्यापुढें कापडाचा गठ्ठा व एक बिघडलेला नमुना येतो. तेथला कटिंग मास्तर तिच्याकडे पाहतो. तिला खांद्याची शिलाई सरकवितां आली, तर ती टिकते. न आली, तर ती कार्यालयांत बसून तक्ते भरूं लागते.

प्रवेशाचे दिवस पुन्हां येतील. पालकांनीं त्या वेळीं माहितीपुस्तक बाजूस ठेवावें आणि यंत्रशाळा पाहावयास मागावी. पहिल्या वर्षाच्या मुलांना बाही कोण शिकवितो, तो किती वर्षें येथें आहे, त्याचा हुद्दा काय व परीक्षेच्या कागदावर त्याची सही असते कीं नाहीं, एवढें विचारावें. आणि तो माणूस खोलींत हजर असेल, तर चालकांऐवजीं त्यालाच विचारावें.