तडा लपवू नका

आमच्या आळीतील एक गृहस्थ तीन वर्षे विजेची स्कूटर घ्यायचे थांबले आहेत. का? तर ‘घन बॅटरी’ येणार आहे! ती पेटणार नाही, आणि एकदा भरली की दुप्पट धावेल. ही बातमी ते दर दिवाळीला मला वाचून दाखवतात. माझा राग ह्या बातमीवर आहे, शोधावर नव्हे.

शोध थोरच आहे. आपल्या फोनच्या बॅटरीत लिथियम ग्राफाइटच्या थरांत साठवतात. एक ग्रॅम ग्राफाइट सुमारे ३७२ मिलिअँपिअर-तास विद्युत्भार धरते. एक ग्रॅम निव्वळ लिथियम ३८६०! मग निव्वळ धातूच का वापरू नये? कारण बॅटरी भरताना तो सपाट बसत नाही. त्याला झाडासारखे फाटे फुटतात, ते मधल्या ज्वालाग्राही द्रवातून पलीकडच्या टोकाला टेकतात, आणि आग लागते. १९८९ साली कॅनडातील मोली एनर्जी कंपनीच्या अशा बॅटऱ्या जपानात फोनमध्ये पेटल्या व परत घ्याव्या लागल्या.

म्हणून द्रवाच्या जागी सिरॅमिकची, म्हणजे भट्टीत भाजलेली, पातळ वडी ठेवायची. २००७ साली मुरुगन, तंगदुराई व वेपनर ह्यांनी लिथियम, लॅन्थॅनम, झिर्कोनियम आणि प्राणवायू ह्यांचे असे सिरॅमिक दाखवले. ते जळत नाही. तरी लिथियमचे भारित कण त्यातून वाट काढतात.

येथे बातमीदार टाळी वाजवतो: “भिंत कठीण, धातू मऊ; प्रश्न मिटला!” नाही मिटला. २००५ साली मन्रो व न्यूमन ह्यांच्या गणिताने, लिथियमच्या सुमारे दुप्पट ताठपणा पुरेल, अशी आशा दिली होती. ही वडी तर दहापटींहून ताठ. तरीही चाकूने कापता येणारा तो धातू तिच्यातून आरपार जातो!

वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “गुरुजी, पिंपळ भिंत फोडतो तसं का हो?”

अगदी तसेच, पोरी. अकराशे-बाराशे अंशांच्या भट्टीत भाजताना राहिलेली भेग, कणांमधला सैल सांधा, वरचा एखादा ओरखडा; तेथे लिथियम साचते, दाब देते, भेग लांबवते. पिंपळाला सगळी भिंत जिंकावी लागत नाही, एक चीर पुरते. गणित निर्दोष भिंतीचे होते. भट्टीतून तशी भिंत निघत नाही.

कोणी म्हणेल, “आशा दाखवली तर बिघडले काय?” बिघडते ते हे. २०१७ साली टोयोटाने घन बॅटरीची मोटार २०२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणू म्हटले. २०२३ साली तीच मुदत २०२७-२८ वर गेली. मी त्याला लबाडी म्हणत नाही. अवघड काम लांबतेच. पण ज्या वाचकाला भेगेची गोष्ट कुणी सांगितलीच नाही, त्याला ती लबाडीच वाटते. मग त्याचा विश्वास उडतो तो बातमीवरचा नव्हे, शास्त्रावरचा! आणि रात्रंदिवस त्या भेगेशी झुंजणाऱ्या संशोधकाच्या वाट्याला कौतुकाऐवजी कुचेष्टा येते.

माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून घेतो. बद्द वाजला तर भला कुंभार स्वतःच तो बाजूला ठेवतो. बातमी देणाऱ्यांकडून मला एवढीच कुंभाराची सचोटी हवी. यश सांगा, आणि तडाही सांगा.

आणि शेजारीबुवा, गरज असेल तर आज मिळते ती स्कूटर घ्या!