तापमान स्थिर कोण ठेवते?

बॉइलचा नियम तुमच्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असेल. तापमान स्थिर असताना ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्याच्या दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते. उत्तरपत्रिकेत ‘तापमान स्थिर असताना’ हे शब्द राहिले तर आम्ही परीक्षक मंडळी गुण कापतो. परंतु हे तापमान स्थिर ठेवते तरी कोण, हा प्रश्न वर्गात मला फारच थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला आहे. माझे स्पष्ट मत असे, की हा प्रश्न न विचारता पुढे जाणे म्हणजे नियमाचा सोपा अर्धा भाग घेऊन अवघड अर्धा भाग टाकून देणे होय. कारण ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखादी वस्तू असते. तिला वजन असते, ती जागा अडवते आणि ती कोठेतरी बसवावी लागते.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘घर्षणामुळे’ असे उत्तर चटकन येते. घर्षणाचा वाटा असतो, नाही असे नाही. पण मुख्य कारण वेगळे आहे. दट्ट्या खाली ढकलताना आपण हवेवर कार्य करतो. ते कार्य हवेच्या आंतरिक ऊर्जेत जमा होते आणि हवा तापते. दट्ट्या अगदी सावकाश सरकवला तर ही उष्णता पंपाच्या भिंतीतून बाहेर निघून जाईल आणि बॉइलचे म्हणणे खरे ठरेल. पण चाकात हवा भरायला सगळा दिवस कोण घालवणार?

आता पंपाच्या जागी विमानाचे पेट्रोल एंजिन आणा. एंजिनाची शक्ती त्यात किती पेट्रोल जाते यावर अवलंबून असते, असे आपल्याला वाटते. खरे तर पेट्रोल हवे तितके घालता येते. ते जाळायला पुरेल इतकी हवा आत घालणे हेच कठीण. विमान ९ किलोमीटर उंचीवर गेले, की बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन दशांश उरतो. मग एंजिनाच्याच शक्तीवर एक पंखा गरगर फिरवून हवा दाबून आत भरावी लागते. या यंत्राला सुपरचार्जर म्हणतात.

थोडे गणित करू. त्या उंचीवर हवेचे तापमान साधारण उणे ४४ अंश सेल्सिअस, म्हणजे २२९ केल्विन असते. ती हवा आपण पाचपट दाबाने कोंबली. तापमान स्थिर राहिले असते तर घनताही पाचपट झाली असती. पण उष्णता बाहेर पडायला वेळच नाही. आदर्श यंत्र मानले तरी हवा ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापेल; यंत्राची कार्यक्षमता शेकडा ७० धरली, तर ती सुमारे १४७ अंशांवर, म्हणजे ४२० केल्विनवर जाईल. मग घनता किती पटींनी वाढली? ५ ला २२९ ने गुणून ४२० ने भागा. उत्तर येते २.७. म्हणजे दाब पाचपट मिळवला आणि हवा पदरात पडली पावणेतीनपटीहूनही किंचित कमी! शिवाय तापलेले मिश्रण सिलिंडरमध्ये ठिणगीची वाट न पाहता अवेळी स्फोटासारखे पेटते आणि एंजिनाचे तुकडे व्हायची वेळ येते. तीच हवा सिलिंडरमध्ये शिरण्यापूर्वी ८० अंशांपर्यंत निववली, तर घनता ३.२४ पट होते. दाब तोच, सिलिंडर तोच, पण हवा जवळजवळ एक पंचमांश जास्त. निववण्याचे हे काम इंटरकूलर करतो. बॉइलच्या नियमातले ते तीन शब्द खरे करण्याची, निदान त्यांच्या थोडे जवळ जाण्याची जबाबदारी त्याच्याकडे असते.

आता ‘कोठे’ या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील मस्टँग या लढाऊ विमानाचे उदाहरण घेतो. एंजिनबदलाचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकेच्या नॉर्थ अमेरिकन कंपनीने हे विमान ब्रिटनच्या मागणीवरून तयार केले, आणि ते २६ ऑक्टोबर १९४० रोजी प्रथम उडाले. त्याला ॲलिसन जातीचे एंजिन होते. खाली ते विमान उत्तम होते. साडेचार किलोमीटरच्या वर गेले की दमू लागे. ३० एप्रिल १९४२ रोजी रोल्स-रॉइस कंपनीचे चाचणी वैमानिक रॉनी हार्कर यांनी डक्सफर्ड येथे ते उडवून पाहिले आणि यात आपले मर्लिन ६१ एंजिन बसवावे असे सुचवले.

हे मर्लिन काही अवाढव्य नव्हते. ॲलिसनचे आकारमान २८ लिटर, तर मर्लिनचे २७. दोन्हींत बाराच सिलिंडर. फरक होता तो हवा भरण्यात. स्टॅन्ली हूकर हे मूळचे गणिती. त्यांच्या हाताखाली मर्लिनच्या सुपरचार्जरची सुधारणा झाली, आणि त्यातून एकामागून एक असे दोन टप्प्यांत हवा दाबणारे यंत्र तयार झाले. दोनदा दाबलेली हवा दुप्पट त्रास देणार, म्हणून सुपरचार्जर आणि सिलिंडर यांच्यामध्ये इंटरकूलरची पेटी बसवली गेली. ती पेटी लहान ठेवता आली, कारण तिच्यातून द्रव फिरत होता. एक घनमीटर पाणी तापमानाच्या प्रत्येक अंशामागे तेवढ्याच हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता वाहून नेते.

पण द्रवाने उष्णता नेली तरी कोठे? तीही शेवटी बाहेरच्या हवेलाच द्यावी लागते. त्यासाठी आणखी एक रेडिएटर हवा, आणि तो वाऱ्याच्या झोतात हवा. मूळ मस्टँगमध्ये अशा रेडिएटरसाठी जागाच राखलेली नव्हती. ब्रिटनमध्ये हकनॉल येथे १३ ऑक्टोबर १९४२ रोजी मर्लिन बसवलेले पहिले मस्टँग उडाले. त्यात हा रेडिएटर नाकाखाली, हनुवटीसारखा फुगवटा करून बसवला होता. एंजिनाजवळची जागा, नळ्या आखूड, काम झटपट. पण विमानाच्या तोंडाशीच फुगवटा आला, म्हणजे हवेचा विरोध वाढलाच.

अमेरिकेत याच सुमारास दुसरा मार्ग धरला गेला. तेथील विमान ३० नोव्हेंबर १९४२ रोजी उडाले. त्यात इंटरकूलरचा रेडिएटर पोटाखालच्या मोठ्या रेडिएटरशेजारी, एकाच बोगद्यात मागे नेला. नळ्या लांबल्या, वजन वाढले. पण बोगद्याची गंमत अशी, की आत शिरलेली हवा रुंद भागात मंदावते, रेडिएटरमधून जाताना तापते, प्रसरण पावते आणि मागच्या अरुंद तोंडातून जोराने बाहेर पडते. टाकाऊ उष्णतेचा असा थोडा धक्का मिळून रेडिएटरमुळे होणाऱ्या विरोधाचा बराच भाग भरून निघतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरेडिथ यांनी ही कल्पना १९३५ च्या सुमारासच मांडली होती. बोगद्याचे तोंडसुद्धा पंखाला चिकटवून चालले नाही. पृष्ठभागालगतची हवा मंद आणि गढूळ असते, म्हणून ते थोडे खाली आणावे लागले. म्हणजे काही सेंटिमीटरांचा हिशेब! ॲलिसनचे मस्टँग ताशी सुमारे ६१५ किलोमीटर वेगाने जाई, तेही खालच्या उंचीवर. मर्लिनचे मस्टँग ९ किलोमीटर उंचीवर ताशी ७०० किलोमीटर गाठू लागले.

याची गरज किती होती? १४ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मनीतील श्वाइनफुर्टवर गेलेल्या अमेरिकी बाँबफेकी विमानांपैकी ६० परतली नाहीत. प्रत्येकात साधारण दहा माणसे होती. तितक्या उंचीवर, तितक्या लांब सोबत करणारे लढाऊ विमान तेव्हा नव्हते. मर्लिनची मस्टँग विमाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात या कामाला लागली.

आता शिक्षकमित्रांशी दोन शब्द. आपण फळ्यावर उष्णता-एंजिनाची आकृती काढतो. वर गरम साठा, खाली थंड साठा, मध्ये वर्तुळ, आणि खाली जाणारा एक बाण. त्या बाणावर ‘टाकलेली उष्णता’ असे लिहून आपण मोकळे होतो. मस्टँगच्या अभियंत्यांचे कित्येक महिने त्या एका बाणात गेले! आदर्श परिस्थिती मानल्याशिवाय भौतिकशास्त्र शिकवता येणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. अभ्यासक्रम संपवायचा असतो, हेही मी जाणतो. पण ‘तापमान स्थिर आहे असे माना’ असे सांगताना ‘ते स्थिर ठेवायला येथे काय करावे लागेल?’ एवढे एक वाक्य जोडायला अर्धा मिनिट लागतो. परीक्षेत तो प्रश्न दोन गुणांना विचारला तर आणखीच बरे. विज्ञान प्रदर्शनांतल्या एंजिनांच्या प्रतिकृतींत दट्ट्या असतो, झडपा असतात, रंगीत दिवेही असतात. उष्णता जाण्याचा मार्ग मात्र सहसा नसतो. अशा प्रतिकृतीला पहिले बक्षीस देऊ नये, असे मला वाटते.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हाला यासाठी विमान शोधायला नको. आजच्या बहुतेक डिझेल ट्रकांत टर्बोचार्जर असतो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप. आणि त्याच्या जोडीला इंटरकूलर. एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन, मिस्त्रींची परवानगी घेऊन, तो कोठे बसवला आहे ते पाहा. पुष्कळदा तो पाण्याच्या रेडिएटरच्याही पुढे आढळेल. एंजिनाचे पाणी ९० अंशांच्या आसपास असते, त्याला थोडी कोमट हवाही चालते. पण आत जाणारी हवा ४०-५० अंशांपर्यंत निववायची तर वाऱ्याचा पहिला, ताजा झोत तिलाच द्यावा लागतो. मग मागच्या रेडिएटरला तापलेली हवा मिळते, म्हणून तो थोडा मोठा घ्यावा लागतो. इंटरकूलर मोठा केला की काम भागले, असेही नाही. लांब नळ्यांतून आणि अरुंद जाळीतून जाताना हवेचा कमावलेला दाब घटतो. आणि सर्वांत पुढे बसवल्यामुळे रस्त्यावरची धूळ, चिखल आणि किडे आधी त्याच्याच जाळीत अडकतात. मिस्त्रींना विचारा, ती जाळी किती दिवसांनी धुवावी लागते आणि न धुतल्यास घाट चढताना गाडीत काय फरक पडतो. त्यांचे उत्तर वहीत लिहून घ्या आणि त्याखाली वरचे २२९ आणि ४२० चे गणित तुमच्या गावच्या तापमानासाठी पुन्हा करून पाहा.