न सांगता छडी

नातवाने ‘सी’मध्ये पॉइंटरला अवतरणातला शब्द दिला, पहिलं अक्षर बदललं आणि प्रोग्राम कोसळला. तोच शब्द ॲरेत ठेवला, तर बदल बिनबोभाट! ॲरेत आपली स्वतंत्र प्रत असते; पॉइंटर मूळ शब्दाकडे बोट दाखवतो, आणि तो बहुधा फक्त वाचायच्या जागेत असतो.

मग कंपायलर आधीच का टोकत नाही? १९८९च्या प्रमाणाने अशा बदलाची हमी नाकारली. पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून शब्दाला ‘कॉन्स्ट’ केलं नाही. ‘सी++’ने २०११ साली ही पळवाट बुजवली. ‘सी’चं प्रमाण अजून गप्पच!

नियम फळ्यावर न लिहिता छडी मारणारा मास्तर मला कधीच पटला नाही. पोरांनो, ‘कॉन्स्ट’ तुम्हीच लिहा, म्हणजे कंपायलर वेळीच ओरडेल.